हातात आहे तोवर

बंदुकांच्या बाजारात पाऊल टाकलं की ऑरिन वेल्टी आधी नाक मुरडायचा, मग टोपी काढायचा. ओहायोतल्या त्या जत्रेच्या मैदानावर उन्हाळ्यात ज्या शेडमध्ये बक्षिसाच्या गाई बांधत, तिथेच हिवाळ्यात हा बाजार भरे. कितीही धुतलं तरी शेणाचा वास जात नसे. वास गाईंचा नाही, इथे टेबलं मांडून बसणाऱ्यांचा आहे, असं ऑरिन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे.

त्याचा जीव जुन्या लष्करी कार्बाईनींवर होता. घोडेस्वारांच्या आखूड नळीच्या, प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट ओढावा लागणाऱ्या. कुठलीही हातात द्या, कुठल्या कारखान्याची, कुठल्या सैन्याकडून कुणाच्या हाती गेली, हे तो शिक्के बघून सांगे. आणि सांगताना दयामाया दाखवत नसे. लांब बंदूक करवतीने कापून ती दुर्मीळ कार्बाईन म्हणून गळ्यात मारणारे, नळीवरच्या नंबराशी जुळावा म्हणून बोल्टवर नवे आकडे ठोकणारे, या सगळ्यांची त्याला शिसारी होती. पण सगळ्यात जास्त किळस येई ती लाकूड घासणाऱ्यांची. लाकडी दस्त्यावरची प्रत्येक खोक, प्रत्येक पुसट शिक्का कुणा शिपायाच्या हातून आलेला. तो सगळा पॉलिश पेपरने घासून वर चकचकीत वॉर्निश फासणाऱ्या माणसाला तुरुंगात टाकावं, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

लोक कार्बाईन दाखवायला आणत आणि सोबत आजोबांच्या पराक्रमाची कथा सुरू करत. ऑरिन हात वर करून थांबवी. "गोष्ट घरी ठेवा," तो म्हणे, "बंदूक दाखवा."

खरं म्हणजे त्याची स्वतःचीच एक गोष्ट होती, आणि तीच तो प्रत्येक बाजारात शोधत फिरे. त्याचे वडील हार्लन लढाईतून परतताना इटालियन घोडदळाची एक कार्बाईन घेऊन आले होते, नळीखाली संगीन दुमडून बसणारी. ऑरिन लहान असताना एकदा त्यांनी दस्त्याच्या बुडाची लोखंडी पट्टी काढली, खिळा चुलीत लाल केला आणि आतल्या लाकडावर आपल्या नावाचं पहिलं अक्षर उमटवलं. मग खिळा पोराच्या हातात दिला. ऑरिनचं अक्षर म्हणजे इंग्रजी ओ, साधा गोल, पण हात घसरला आणि गोलाला शेपूट फुटलं. वडील पोट धरून हसले होते. ऑरिन सैन्यात असताना वडील गेले, आणि आईने अंगणात मांडलेल्या विक्रीत ती कार्बाईन कुणाला तरी देऊन टाकली. नंबर कुणी लिहून ठेवला नव्हता. तेव्हापासून त्या जातीची प्रत्येक कार्बाईन ऑरिन हातात घेई, आणि मालकाची परवानगी घेऊन बुडाची पट्टी उघडून पाही. बायको म्हणे, हे खूळ तुला खड्ड्यात घेऊन जाईल.

या खेपेला त्या जातीची एक लॉनी नावाच्या एका नव्या माणसाच्या टेबलावर दिसली. ऑरिनच्या तोंडाची चव गेली. दस्ता नखाएवढाही न सोडता घासलेला, वर होडीला लावतात तसलं वॉर्निश. बोल्टवर क्रोम चढवलेला. संगिनीला सोनेरी रंग. कडेने पितळी चुका ठोकून नक्षीसुद्धा काढलेली.

या बाजाराचा एक जुना नियम आहे, आणि तो कुणी मोडत नाही. वस्तू तुमच्या हातात आहे तोवर तिच्यावर पहिला हक्क तुमचा. दुसरा कितीही तडफडत असला तरी तोंड उघडणार नाही. तुम्ही ती खाली ठेवली की हक्क संपला. ऑरिनने कार्बाईन उचलली तेव्हा त्याच्या मागे ड्वेन प्रुइट येऊन उभा राहिलाच होता. ड्वेन अख्ख्या बंदुका घेई आणि सुटे भाग करून विके, कारण सुट्या भागांना जास्त पैसे येतात. ऑरिन त्याला चारचौघांत खाटीक म्हणायचा. ड्वेन ते हसून ऐके आणि लक्षात ठेवी.

लॉनी खुशीत होता. अख्खा हिवाळा यावर घालवला, म्हणाला. किती गंजली होती, किती घाण साचली होती, हे तो कौतुकाने सांगत होता. "आणि काका, त्या बुडाच्या पट्टीखाली ना..."

"गोष्ट घरी ठेव," ऑरिन म्हणाला.

लॉनीचा चेहरा उतरला. ऑरिनला तेही दिसलं नाही. त्याला हातातली ती चिकट चकाकीच दिसत होती. पट्टी उघडून पाहावी, असं क्षणभर मनात आलं, सवयीने बोटं स्क्रूपर्यंत गेलीही. पण आपल्या बापाची वस्तू असल्या अवस्थेला पोचणं शक्य नाही, असं त्याच्या मनाने ठणकावून सांगितलं. "हे जळण आहे," तो मोठ्याने म्हणाला, "आणि ज्याने हे केलं त्याचे हात धुऊन घ्यायला हवेत." आजूबाजूचे हसले. त्याने कार्बाईन टेबलावर ठेवली आणि रुमालाने बोटं पुसली.

ड्वेनने ती उचलली, दोन वाक्यांत सौदा केला आणि शेजारच्या आपल्या टेबलावर नेऊन पाना-पेचकस घेऊन बसला. ऑरिन तिथेच थांबला. खाटकाचं काम बघून शिव्या द्यायची त्याला हौस होती. बोल्ट निघाला, संगीन निघाली, नळी निघाली. ती एका गिऱ्हाइकाने लगेच उचलली आणि ते गर्दीत गेलंही. मग ड्वेनने बुडाची पट्टी काढली, आणि आतलं लाकूड दिसलं. जुनं, काळपट, तसंच्या तसं. त्यावर वडिलांचं अक्षर. शेजारी शेपटीचा गोल.

ऑरिनने खिशातून पाकीट काढलं. मग तो म्हणाला, थांब, मला हवी आहे ती, सगळी, म्हणशील त्या किमतीला.

"हातात आहे तोवर ना?" ड्वेनने मान वर केली नाही. "तुझ्या हातात होती. तू ठेवलीस."

"ड्वेन, ती माझ्या वडिलांची आहे."

आता मात्र ड्वेनने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती मजा होती. "इथली प्रत्येकच कुणाच्या तरी बापाची असते," तो म्हणाला. "गोष्ट घरी ठेव, ऑरिन. आणि खाटकाकडून कधीपासून घ्यायला लागलास?"

बोल्ट आणि संगीन त्याने आधीच कबूल केलेल्या माणसांसाठी पिशवीत टाकली. घासलेला दस्ता मात्र कुणालाच नको असतो. तो त्याने न बघता मागच्या कचऱ्याच्या पिंपात फेकला.

ऑरिन पिंपाशी गेला. आत हॉट डॉगचे कागद होते, थंड कॉफी होती, आणि सगळ्यावर पिवळी मोहरीची चटणी. त्याने कोपरापर्यंत हात घातला. ओळखीचे लोक बघत होते, आणि त्याला त्यांची नाही, स्वतःची किळस येत होती. दस्ता बाहेर काढून त्याने शर्टाच्या बाहीने चटणी पुसायला सुरुवात केली. वॉर्निश इतकं पक्कं होतं, की लाकडाला काहीही लागलं नव्हतं.

"मला वाटलंच, तुम्ही परत याल."

लॉनी होता. कागदी रुमालांचा गठ्ठा पुढे करत होता. म्हाताऱ्याने आपल्याला काय काय ऐकवलं, ते एव्हाना तो विसरून गेला असावा, किंवा विसरल्यासारखं करत असावा. त्याने ऑरिनच्या हातातला दस्ता उलटा केला आणि बुडावर बोट ठेवलं.

"हे बघा. बाकी सगळं घासलं मी. एवढंच नाही घासलं," तो म्हणाला. "कुणा पोराने काढलेलं दिसतं. शेपूटबिपूट. हातच धजेना माझा. पट्टी होती तशी परत लावून टाकली, म्हटलं, कधी कुणी शोधत आलं तर. तेच तर सांगत होतो मघाशी."

ऑरिनने रुमाल घेतले. लॉनीच्या बोटांवर अजून वॉर्निशचे डाग होते.