गॅलरीतलं ऊन

चाकणच्या गाड्यांच्या कंपनीत एकतीस वर्षं काढून जयसिंगराव रिटायर झाले, तेव्हा नीलाताईंच्या लक्षात आलं, की या माणसाबरोबर आपण संसार केला, पण सलग कधी राहिलोच नाही. कायम शिफ्ट. ते घरी यायचे तेव्हा या झोपलेल्या, या उठायच्या तेव्हा ते घोरत. आता मात्र दिवसभर समोर. फोडणी पडली की मागून आवाज, "तेल किती ते!"

सुटका म्हणून नीलाताईंनी गॅलरी धरली. चिंचवडमधला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, समोर सोसायटीचा जुना करंज. गॅलरीत ऊन असं कधी यायचंच नाही. म्हणून त्यांनी सावलीत जगणारंच लावलं. रंगाच्या रिकाम्या डब्यांना तळाशी भोकं पाडून अळू, तेलाच्या डब्यात पुदिना आणि पानओवा, बहिणीकडून आणलेला नेचा. दोन महिन्यांत अळूची पानं ताटलीएवढी झाली.

जयसिंगरावांना ते बघवेना. "गवत कसलं लावतेस? लावायचं तर फळ धरणारं लावावं." नर्सरीतून त्यांनी आठ कुंड्या आणल्या. टोमॅटो, मिरची, गुलाब. नीलाताईंचे डबे त्यांनी पायाने कोपऱ्यात सरकवले.

"इथे ऊन नाही. टोमॅटो यायचे नाहीत," त्या म्हणाल्या.

"तू मला शिकवणार? माझ्या हाताखाली चाळीस माणसं होती."

"माणसं ऐकून घेतात. कुंड्या नाही घेत."

टोमॅटो सुतळीसारखे लांबत गेले आणि पिवळे पडले. गुलाबाला एकच कळी आली, तीही गळली. जयसिंगरावांनी आधी पाण्याला दोष दिला, मग मातीला, शेवटी बायकोला. "तुझा हात लागला की सगळं जळतं," असं ते पाहुण्यांसमोर म्हणाले. नीलाताईंनी चहाचे कप उचलले आणि आत गेल्या.

मार्चमध्ये त्या दोन दिवस तळेगावला बहिणीकडे गेल्या. परत येऊन दार उघडतात तो हॉल लख्ख उजेडाने भरलेला. गॅलरीसमोरच्या करंजाच्या चार जाड फांद्या गायब होत्या आणि खोडावर पांढरे गोल घाव होते. अळूची पानं कडेने करपून खाली लोंबत होती. जयसिंगराव टोमॅटोला काठी बांधत होते.

"आता बघ कसं येतंय ते," ते म्हणाले.

"परवानगी काढली होती?"

"दारातली फांदी तोडायला कसली परवानगी?"

खांद्यावरची पिशवी खाली न ठेवताच नीलाताईंनी फोन काढला आणि एकेका घावाचा फोटो घेतला.

"फळं लागल्यावर काढ की फोटो," जयसिंगराव खुशीत म्हणाले.

त्याच दुपारी नीलाताईंनी महापालिकेच्या ऑफिसात अर्ज दिला.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. जयसिंगराव लालबुंद झाले. फांद्या तोडताना समोरच्या फ्लॅटमधल्या बुद्धभूषणने त्यांना हटकलं होतं. तडक जाऊन त्यांनी त्याचं दार बडवलं.

"तक्रारी करतोस? तोंडावर बोलायची हिंमत नाही?"

"काका, मी तोंडावरच बोललो होतो. तक्रार माझी नाही."

"खोटं बोलतोस!"

नीलाताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "त्याला कशाला ओरडताय? अर्ज माझा आहे. खाली सही आहे, पूर्ण नावानिशी. तुमच्या आडनावासकट."

बुद्धभूषणने मान खाली घातली आणि हळूच दार लावून घेतलं.

"नवऱ्याविरुद्ध?" जयसिंगरावांचा आवाज चिरकला.

"झाड तोडणाऱ्याविरुद्ध. तो नवरा निघाला, त्याला मी काय करू?"

जयसिंगरावांनी दंड भरला. सोसायटीच्या कुंपणालगत चार रोपं लावून ती जगवायची, हेही त्यांच्याच गळ्यात पडलं. ते नीलाताईंशी बोलेनासे झाले. नीलाताईंना त्याचं काही वाटलं नाही. ते रिटायर झाल्यापासून घरात इतकी शांतता नव्हती. त्यांनी डबे मागच्या बाजूला, वॉशिंग मशीनशेजारी नेऊन ठेवले. अळूचे दोन कंद कुजले, एक तगला.

मे लागता लागता टोमॅटो मात्र खरोखर धरले. जयसिंगरावांनी पाच लाल फळं ओट्यावर ठेवली आणि वाट पाहिली. नीलाताईंनी वरणात आमसूल टाकलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच सुरी घेऊन ओट्यापाशी आले, वाकड्यातिकड्या फोडी केल्या, मीठ लावून उभ्यानेच खाऊ लागले. रस कोपरापर्यंत ओघळला.

नीलाताई पिठाची परात घेऊन मागे उभ्या होत्या.

"सरका," त्या म्हणाल्या. "मला भाकरी टाकायचीय."