फणसळकरांचं कुळाचं कापड

गार्गीनं कॅलम नावाचा स्कॉटिश मुलगा पसंत केला, तेव्हा विश्वास फणसळकरांनी फारशी खळखळ केली नाही. वन-नॉर्थ भागात तिच्याच ऑफिसात होता, चांगला होता, वरणभात आवडीनं खात होता. धक्का बसला तो त्याच्या घरच्यांचा फोटो बघून. आजोबा, वडील, काका सगळे एकाच चौकड्यांचे लोकरी घागरे घालून ताठ उभे!

"घागरे काय, बाबा! किल्ट ते," गार्गी म्हणाली. "आणि त्या चौकड्यांना टार्टन म्हणतात. प्रत्येक घराण्याचं वेगळं असतं."

"मग आपलं कुठलं?"

"आपलं नसतं, लाह," गार्गी इथल्या इंग्रजीच्या सवयीनं म्हणाली.

ते 'नसतं' विश्वासरावांना भारी झोंबलं. मुलीची बाजू, त्यात कापडावाचून!

रविवारी कॅलम वडिलांना घेऊन फणसळकरांच्या वुडलँड्सच्या फ्लॅटवर जेवायला येणार होता. विश्वासरावांनी घरातली सगळी कपाटं उपसली. शेवटी पलंगाच्या खणातून तांबड्या-हिरव्या चौकड्यांची एक सोलापुरी चादर निघाली. इस्त्री करून त्यांनी ती हॉलच्या भिंतीवर टांगली.

"अहो, हिच्यावर मी सांडगे वाळवते!" सुचित्राबाई म्हणाल्या.

"यापुढे नाही. आता हा वारसा आहे."

कॅलमचे वडील डंकन उंचेपुरे, उकाड्यानं लालबुंद झालेले गृहस्थ होते. आल्या आल्या ते चादरीपाशीच थांबले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी नाक जवळजवळ कापडाला लावलं.

"तुमच्या घराण्याचं?"

"अर्थात!" विश्वासराव छाती पुढे काढून इंग्रजीत म्हणाले. "तीनशे वर्षं तरी झाली."

"आणि काठावरची ही अक्षरं?"

विश्वासरावांनी चादरीची कड उगाच सरळ केली. "आमचं ब्रीद. म्हणजे... मोडेन पण वाकणार नाही."

"वा!" डंकन भारावून म्हणाले.

कॅलम दोन महिने गार्गीकडून बाराखडी शिकत होता. त्यानं उत्साहानं अक्षरांवर बोट ठेवलं. "सो... ला... पू... र. अरे! गार्गी, लिटल इंडियात त्या दुकानातल्या चादरींवर हेच होतं ना?"

गार्गीनं उशीत तोंड खुपसलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं विश्वासरावांना वाटलं. पण फ्लॅट बाराव्या मजल्यावर. दुभंगती तर ते खालच्या चिनी आजीबाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन पडते.

डंकन मात्र हसत सुटले. हसता हसता सोफ्यावर बसले, डोळे पुसले.

"फणसळकर, माझी गंमत ऐका. घराण्यांची ही टार्टनं बहुतेक गेल्या दोनशे वर्षांतली. राजा एडिनबराला येणार म्हणून एकच धांदल उडाली होती, आपलं कापड कुठलं म्हणून. कितीकांनी तर दुकानदारालाच विचारलं! आमचंही माझ्या पणजोबांनी रंग आवडला म्हणून घेतलं असणार."

"मग खरं जुनं काहीच नाही?" सुचित्राबाईंनी विचारलं.

"आहे ना. एक तुकडा दलदलीत सापडला, चार-पाचशे वर्षांचा. दुसरा त्याहून कितीतरी जुना, सतराशे वर्षांचा. नाण्यांच्या मडक्याच्या तोंडात बोळा म्हणून कोंबलेला! कुठल्या घराण्याचे, कुणाला ठाऊक नाही."

"म्हणजे मिरवायचं ते विरलं आणि बोळा टिकला," सुचित्राबाई म्हणाल्या. "माझ्या शालूला कसर लागली. हिला काही होत नाही." आणि त्यांनी भिंतीवरची चादर सरळ काढून घडी घातली.

जेवणं झाली तोवर दोघा व्याह्यांचं असं मेतकूट जमलं, की लग्नात एकमेकांचा पोशाख घालायचा त्यांनी पणच केला. गार्गी "कॅनॉट, बाबा, कॅनॉट!" म्हणून ओरडत राहिली.

लग्नाच्या दिवशी डंकन धोतर नेसून आले. एक हात सतत कमरेला. विश्वासरावांचे दोन्ही हात किल्टच्या पुढच्या कडेवर, कारण हॉलमध्ये जागोजागी पंखे होते. कन्यादानाची वेळ झाली. गुरुजींनी धोतरवाल्याला बोलावून पाटावर बसवलं नि गोत्र विचारलं. डंकननी भाबडेपणानं गावाचं नाव सांगितलं. गुरुजी जरा विचारात पडले आणि पुढचा मंत्र म्हणू लागले.

"अहो, मुलीचा बाप मी!" विश्वासराव धावत आले.

गुरुजींनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. सुचित्राबाईंनी डंकनना हाताला धरून उठवलं, नवऱ्याला पाटाकडे ढकललं आणि त्या हळूच म्हणाल्या, "बसा. पण गुडघे जोडून."