बिनमोटरची बोट

श्यामसुंदर केळकरांची रिमोटवर चालणारी बोट चौदा महिने जेवणाच्या टेबलावर होती आणि त्यांच्या नारायण पेठेतल्या घरात जेवण मांडीवर होतं. बोटीला बॅटरी होती, सुकाणू होतं, रंगाचे तीन हात होते. मोटर तेवढी नव्हती. भरभर फिरणारी मोटर घेतली तर पंखा लहान लागतो, सावकाश फिरणारी घेतली तर मोठा. जोडी चुकली की मोटर जळते. म्हणून त्यांनी वहीत अठ्ठावीस जोड्यांचा तक्ता केला होता. तीन मोटरी कपाटात निर्णयाची वाट पाहत पडून होत्या.

"आमच्या अवनीच्या लग्नाला एवढी स्थळं पाहिली नाहीत," असं त्यांच्या पत्नी श्यामलाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

गुरुवारी सकाळी वरच्या खोलीतली भाडेकरू पूर्णिमा चप्पल न काढता आत आली. ती अकोल्याची, लग्नांचे फोटो काढणारी.

"काका, तुमची बोट चालते का?"

"तत्त्वतः."

"लोणी काळभोरला खाणीच्या तळ्यात माझा ड्रोन पडलाय. जलपर्णीवर अडकलाय, पण वाऱ्यानं ती जलपर्णीच सरकतेय. खोल पाण्यात गेली की संपलं."

काल प्री-वेडिंगचं शूटिंग होतं. हडपसरच्या आयटीतला नवरामुलगा आयुष म्हणाला, 'एकदा मी उडवतो ना.' उडवला. त्यावर नवरीमुलगी शेफाली जे बोलली, त्यानंतर दोघांचं बोलणं बंद होतं. लग्न रविवारी. शनिवारी सीमांतपूजनाला फिल्म पडद्यावर दाखवायची होती.

"मग परत शूट कर," श्यामलाबाई म्हणाल्या.

"काकू, ते एकमेकांकडे बघत नाहीयेत. दोघं हसताना जे काही आहे, ते त्या ड्रोनच्या कार्डात. आणि हे माझं स्वतःचं पहिलं काम आहे." ती बोलताना टेबलाभोवती फिरत होती. "निघायचं?"

"कोणती मोटर लावायची ते..."

"कुठलीही लावा हो!" दोघी एकदम म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदाच 'कुठलीही' हा शब्द त्यांनी निकष म्हणून स्वीकारला आणि सर्वांत भरभर फिरणारी मोटर उचलली. श्यामलाबाईंनी न विचारता नायलॉनच्या दोरीचं बंडल आणि वायरचं हॅंगर पिशवीत टाकलं. हडपसरच्या सिग्नलला पूर्णिमानं पुढे कोणी नसताना दोनदा हॉर्न वाजवला.

तळ्याचे मालक महिपती काठावर उभे होते.

"पान्यात उतरायचं न्हाय. दोन म्हशी गेल्यात हितं."

"आम्ही नाही, बोट उतरतेय," श्यामसुंदर म्हणाले.

महिपतींनी बोट पाहिली. "म्हंजे तिसरी."

साठेक फुटांवर हिरव्या पानांत ड्रोनचे दोन पाय दिसत होते. श्यामलाबाईंनी हॅंगर वाकवून आकडा केला, तो बोटीच्या नाकाला बसवला आणि मागे दोरी बांधली. बोट सुटली ती सुळकन. श्यामसुंदरांना चौदा महिन्यांचं सार्थक वाटलं. ते दहा फूट टिकलं. मग पंख्याला जलपर्णीची मुळं गुंडाळली आणि मोटर किंचाळून गप्प झाली. दोरीनं ओढून आणली तेव्हा बोटीतून वांगं भाजल्यासारखा वास येत होता.

"मोठा पंखा घेतला असता तर..." ते म्हणाले.

"मोठ्याला आनखी गुंडाळलं असतं," महिपती म्हणाले. "पान्यात पानं हायती ना? मग पंखा पान्यात घालता कशापायी? वर लावा की."

श्यामसुंदरांनी मनातल्या मनात तक्ता चाळला. अठ्ठावीस जोड्यांत एकही जोडी पाण्याबाहेरची नव्हती. तक्त्यातलं पाणी नेहमी स्वच्छ होतं.

"वर लावायला हवेतला पंखा लागतो. त्याला कोणती मोटर, त्याचा वेगळा तक्ता..."

पूर्णिमा तेवढ्यात गाडीकडे पळालीसुद्धा होती. डिकीतून तिनं गेल्या वर्षी भिंतीवर आपटलेला जुना ड्रोन आणला. त्याचा एक हात शाबूत होता, टोकाला मोटर, मोटरवर पंखा.

"कंपनीनं जुळवूनच दिलेत, काका. आता पत्रिका बघू नका."

चिकटपट्टीनं तो हात बोटीवर उभा केला, पंख्यामागे बाकरवडीच्या खोक्याचं झाकण सुकाणू म्हणून लावलं. बोट सुरू झाली आणि उलटी येऊन श्यामसुंदरांच्या पायावर आदळली. त्यांनी दोन वायरींची अदलाबदल केली. तेवढ्यात ड्रोनचा एक पाय पाण्याखाली गेला.

"काका, लवकर."

"घाई केली की..."

"घाईच करा!"

बोट पानांवरून घसरत, अजिबात डौल न ठेवता निघाली. पहिल्यांदा आकडा हुकला. दुसऱ्यांदाही. पूर्णिमानं डोळे मिटून घेतले. तिसऱ्यांदा श्यामलाबाई म्हणाल्या, "अडकलं," आणि नवऱ्याला न विचारता दोरी ओढायला लागल्या.

कार्ड कोरडं निघालं. पूर्णिमानं लॅपटॉप बोनेटवर ठेवला. पडद्यावर अकरा मिनिटं आयुष आणि शेफाली हसत होती. शेवटी चित्र गरगरलं, आणि काठावरून दोन ठिपके एकाच दिशेनं धावत येताना दिसले.

तिनं फोन लावला.

"शेफाली, कार्ड मिळालं. सगळं आहे."

"आयुषला सांगितलंस?"

"नाही, आता फोन करते."

"थांब. मी करते."

पूर्णिमा बांधावर बसली. श्यामसुंदर मात्र उभेच होते. बोट पुन्हा पाण्यात सोडावी की नको, हे त्यांचं ठरत नव्हतं.