शेजारणीची सही

टेकडीवरच्या त्या वसाहतीत असा एक संडास नाही, ज्यात मी हात घातलेला नाही. तीस वर्षं नळाची कामं करतोय. पण तिथे घर बघायला गेलो की दलालाचं ठरलेलं, अहो, कालच गेलं. आमची वस्ती खाली, कारखान्याच्या धुराड्याला खेटून. वर त्यांचे लोक, खाली आमचे. असं कुठे लिहिलेलं नाही, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मला एरवी काही पडलेली नव्हती. पण बायकोचा दमा वाढत गेला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की औषधं पुरे झाली, आता हवा बदला, नाहीतर पुढचा हिवाळा अवघड आहे. मग मात्र मी हट्टाला पेटलो. वरचं एक म्हातारं गिऱ्हाईक मुलाकडे कायमचं निघालं होतं. त्याने दलालाला फाटा देऊन घर थेट मलाच देऊ केलं. घोडं अडलं ते एका कागदावर. वसाहतीचा नियम असा, की नवा माणूस येणार तर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची सही हवी. डावीकडच्या तरुण जोडप्याने हसत केली. उजवीकडे निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना बाई म्हणतात आणि चळाचळा कापतात. मीही त्यातलाच.

शनिवारी इस्त्रीचा शर्ट घातला, कागद खिशात घेतला आणि निघालो. आता माझी अक्कल बघा. पाय सवयीने मागच्या दाराकडे वळले. बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, बरं झालं आलात, स्वयंपाकघरातला नळ गळतोय. माझ्या तोंडून सहीचं काही निघेना. 'बघतो' तेवढं निघालं. गाडीतून पाना आणला, वायसर बदललं, चहा नको म्हटलं आणि घरी आलो. भिजू नये म्हणून बाजूला काढलेला कागद तिथेच ओट्यावर राहिला. परत जायचा धीर होईना. बायकोला सांगितलं तर ती हसत सुटली, आणि हसता हसता तिला धाप लागली. तिचा पंप शोधून देईपर्यंत मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटत होती.

सोमवारी संध्याकाळी कमिटीची बैठक होती. त्या दिवशी झालं नाही, तर घर दुसऱ्याला जाणार होतं. मी मान खाली घालून उभा. चेअरमन फार गोड माणूस. म्हणाले, एक सही कमी पडते, वाईट वाटून घेऊ नका, नियम म्हणजे नियम. एवढ्यात बाई काठी टेकत आत आल्या आणि माझा कागद त्यांनी टेबलावर ठेवला. खाली सही होती. चेअरमन हळूच म्हणाले की जरा विचार करा, वसाहतीचं एक वळण आहे.

"या माणसाच्या हातात घराची किल्ली देऊन मी वर्षानुवर्षं शाळेत जात होते," बाई म्हणाल्या. "नळ दुरुस्त करायला चालतो, राहायला का चालत नाही?"

चेअरमननी कागद पुढे ओढला. शिक्का बसला.

बाहेर आल्यावर मी आभार मानायला लागलो. बाईंनी मला थांबवलं.

"आभार मानू नका. तो नियम माझ्याच अक्षरात आहे. मी चिटणीस होते तेव्हा. तुमचे लोक वर येऊ नयेत म्हणूनच केला होता."

माझं डोकं सणकलं. बायकोच्या छातीत इतकी वर्षं गेलेला धूर आठवला. चार शब्द ओठांवर आले होते आणि ते चांगले नव्हते. बाई ऐकून घ्यायला उभ्याच होत्या. हे न सांगता त्या घरी जाऊ शकल्या असत्या, मला कोण सांगायला येणार होतं?

"बाई," मी म्हटलं, "राग आलाय, आणि तो काही लगेच जायचा नाही. पण आज आभारच ऐकून घ्या. रागवायला आता मी शेजारीच आहे."