दोन गावची नर्सरी

शकुनबाई लग्न होऊन अमरावतीला आली तेव्हा बोराटीच्या कुंपणाआड चार वाफे आणि डालड्याच्या डब्यांतले गुलाब, एवढीच नर्सरी होती. सासरे भगवंतराव अंजनगाव सुर्जीकडचे माळी. पानमळ्यातली कामं सोडून ते शहरात आले आणि ओळखीच्या एका वकिलाच्या पडीक प्लॉटवर त्यांनी मोगरा लावला. नंतर आजूबाजूला घरं उठली. वास्तुपूजा झाली की लोक तुळस न्यायला इथेच येत. सासरे गेले, मग नवरा सहदेव गेला. शकुनबाईनं फाटक एक दिवस बंद ठेवलं नाही.

गेल्या वर्षी वकिलाच्या नातवंडांनी प्लॉट विकला. मुलगा कुलदीप यानं अकोल्याला आपल्या सासऱ्याच्या शेतात, हायवेला लागून जागा बघितली. शकुनबाई भांडली नाही. होळी होताच टेम्पो भरभरून रोपं निघाली.

अकोल्यात जागा मोठी होती, बोअरला पाणी होतं. पण तिचा पाय एका ठिकाणी ठरेना. ओल्या वाफ्याला ती पुन्हा पाणी द्यायची. कुंड्या इकडच्या तिकडे करायची, आणि सून आरती त्या जागच्या जागी आणून ठेवायची. गिऱ्हाईक गाडीतून यायचं, पाम घेऊन जायचं. तुमच्या गुलाबाला कळी आली, असं सांगायला परत कुणी येत नव्हतं. मुळासकट आणलेला जुना मोगरा मे महिन्यात वाळला. कुलदीप म्हणाला, बाहेरून ट्रकभर मोगरा मागवू.

पाऊस लागल्यावर एका सकाळी रिद्धपूरला दर्शनाला जाते असं आरतीला सांगून ती निघाली आणि अमरावतीला उतरून सरळ जुन्या जागेवर गेली. प्लॉटभोवती पत्रे लागले होते. आत काहीच उरलं नाही, असं चौकीदारानं सांगितलं. मग ती गल्ल्यांमधून फिरत राहिली, लोकांच्या भिंतींवरून आत बघत. जुन्या गिऱ्हाइकाची मुलगी दामिनी, तिच्या कंपाउंडमध्ये मोगरा दिसला तशी ती थांबली. दामिनी लहान असताना तिच्या वडिलांनी तो नेला होता. ते आता नव्हते, दामिनी एकटीच राहत होती.

"काकू, तुमी तर अकोल्याले गेल्या होत्या ना?"

"गेली होती. हा आमच्याच वाफ्यातला हाय, दामिनी. आमच्याजवळचा मेला."

दामिनीनं खुरपं आणून दिलं. शकुनबाईनं खालच्या फांद्या वाकवल्या, किंचित खरवडल्या आणि मातीत दाबून वर विटा ठेवल्या. मुळं फुटायला दीडेक महिना लागणार होता, आणि तोवर ओल टिकवायची होती. दामिनीनं वडिलांची मागची खोली उघडून दिली.

शकुनबाईनं फोन करून कळवल्यावर दुसऱ्या दिवशी कुलदीप आला, तो तापलेलाच.

"माय, तुले तिथं काय कमी हाय?"

"काईच नाई. पण मले तिथं बसवत नाई."

"मंग इथं बसवते का?"

ती खोटं बोलू शकली असती.

"इथंई नाई. रातभर तुया पामाले पाणी घातलं का नाई, हेच डोक्यात चालू होतं."

कुलदीप पायरीवर बसला. मग सवयीनं त्याचं बोट विटेखालच्या मातीत गेलं. माती सुकत आली होती. तो उठला आणि त्यानं नळाखाली बादली लावली.

दाबलेल्या बहुतेक फांद्यांनी मुळं धरली. दामिनीच्या घरालगतच्या बोळात आता रोपांवर सावलीची हिरवी जाळी आहे, आणि वस्तीतल्या बाया पुन्हा तुळस न्यायला येतात. शकुनबाई चार दिवस इथं, तीन दिवस तिथं. कुलदीपला हे पटलेलं नाही, पण अकोल्याच्या स्टँडवर तिला घ्यायला तोच येतो. बसमध्ये पायाशी मोगऱ्याच्या पिशव्या असतात. गाडी मूर्तिजापूरला जरा जास्त थांबली की ती उठते, दारापर्यंत जाते आणि कंडक्टरला विचारते, निघता का नाई.