संग्रामच्या गाडीचा आवाज

ॲरिझोनातल्या चँडलरमधल्या आमच्या गल्लीत संग्रामची गाडी वळली की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागायचं, शेजारच्या लिंडाबाई खिडकी लावून घ्यायच्या आणि मी गॅसवर तवा ठेवायचे. रोजचा क्रम होता तो. कोपऱ्यावर तो गियर खाली टाकायचा, मग गाडी आधी घुमायची, दोनदा खाकरायची आणि गुरगुरत घराकडे यायची. तिथून गराजमध्ये येऊन, बूट काढून, हात धुऊन तो टेबलाशी बसेपर्यंत माझी पहिली पोळी फुगलेली असायची. तो तिला चपाती म्हणायचा. कोल्हापूरचा ना! मी नागपूरची, मी कशाला ऐकते? एवढी वर्षं एकाच ताटातल्या एकाच वस्तूवरून आमचं भांडण चाललं.

गाडी म्हणाल तर जुनी, निळी, गियरची. लोकांचे नवरे वय झालं की गोल्फ खेळतात, नाहीतर इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात काम करतात. आमचे हे गाडीखाली झोपायचे. दिवसभर चिपच्या कारखान्यात पांढरा सूट घालून, धुळीचा कण चालत नाही अशा खोलीत काम करायचं आणि घरी येऊन कोपरापर्यंत काळं व्हायचं. पण त्याचं खरं बालपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलेलं. हाताला चटका बसला नाही तर रविवार सुटीचा वाटत नसे त्याला.

त्या गाडीचा कंपनीचा सायलेन्सर त्याने काढून टाकला आणि तिथे स्वतः जोडलेला पाइप बसवला. सायलेन्सरच्या अलीकडे धूर स्वच्छ करणारा एक डबा असतो, कॅटलिटिक कन्व्हर्टर म्हणतात त्याला. तोही काढला. आता हे इथे चालत नाही. दर दोन वर्षांनी गाडी धुराच्या टेस्टला न्यावी लागते, पास झाली तरच नंबरप्लेटचं नूतनीकरण होतं. म्हणून हा शहाणा काय करायचा, टेस्टच्या आदल्या शनिवारी मूळचा डबा आणि सायलेन्सर चढवायचा, पास करून आणायचा आणि पुढच्या शनिवारी परत काढायचा. ते मूळचे भाग जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून गराजच्या फळीवर ठेवलेले असत.

"लाज वाटत नाही का रे?" मी म्हणायचे. "हिवाळ्यात ते फीनिक्सवर तपकिरी काय साचतं ते बघ जरा. त्यात तुझी भर!"

"वाटते गं," तो म्हणायचा. आणि पाना हातात घेऊन परत खाली सरकायचा. याच्यावर काय बोलणार, सांगा!

पण तो पाइप एका दिवसात नाही झाला. सबंध एक उन्हाळा गेला त्यात, आणि ॲरिझोनाचा उन्हाळा म्हणजे गराजमध्ये माणूस भाजून निघतो. रोज संध्याकाळी तो पाइप थोडा कापायचा, परत जोडायचा, कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचा आणि स्वयंपाकघरात डोकावून मला विचारायचा, "आज कसा वाटला?"

"भिकार!" मी कणीक मळता मळता सांगायचे. "मिक्सरमध्ये खडे घातल्यासारखा." दुसऱ्या दिवशी, "आज रेडा वाटला." तो हसायचा, परत कापायला जायचा. ऑगस्टमध्ये एक दिवस तो वळला आणि आवाज काही वेगळाच आला. भारी, पण मऊ. मी नकळत वर बघितलं. तो आत आला तेव्हा मी म्हटलं, "हा बरा आहे." झालं. त्यानंतर त्याने त्या पाइपला हात लावला नाही. केया, आमची मुलगी, तेव्हा शाळेत होती. ती सगळ्यांना सांगायची, "बाबा ट्यून्ड इट फॉर आई." मी वर वर चिडायचे. मनातून सुखावायचे, आता सांगायला काय हरकत आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तो ऑफिसातच कोसळला. हॉस्पिटलपर्यंतही पोचला नाही.

गाडी तिकडेच ऑफिसच्या पार्किंगमध्ये राहिली होती. दुसऱ्या दिवशी सगळं आटोपून आल्यावर घर माणसांनी भरलेलं. मंडळातल्या बायकांनी पिठलं-भात आणला होता, आमच्याकडे चूल पेटवायची नव्हती. मी सोफ्यावर बसले होते, कुणीतरी माझा हात धरला होता. आणि कोपऱ्यावरून आवाज आला. घुमला, दोनदा खाकरला. मी उठले, सरळ स्वयंपाकघरात गेले, तवा ठेवला आणि गॅस पेटवला. लाटणं हातात घेतलं. कणीक नाही हे तेव्हा लक्षात आलं. "अगं शैलजा, काय करतेस, आज गॅस नाही पेटवायचा!" म्हणत मंडळातली प्रीता धावत आली. तोवर दार उघडलं आणि यतीन आत आला, किल्ली हातात. संग्रामच्याच टीममधला, पुण्याचा, मला धाकट्या दिरासारखा. संग्रामची गाडी तिथे बेवारशासारखी नको म्हणून घेऊन आला होता बिचारा. लाटणं घेऊन उभी असलेली मी त्याला दिसले. मी काय बोलले मला आठवत नाही. लोक म्हणतात मी त्याच्या मागे कोण आहे ते बघत होते.

त्यानंतर गाडी गराजमध्येच. मला गियरची गाडी येत नाही. बॅटरी उतरू नये म्हणून यतीन अधूनमधून येऊन चालू करून जायचा, पण मी नेमकी ऑफिसात असायचे. आणि असते तरी उपयोग काय? उभ्या गाडीचा आवाज म्हणजे नुसता आवाज. मला तो घरी येतानाचा हवा होता. एकदाच. त्या दिवशी आला तो मी भ्रमात ऐकला, तो नव्हे. नीट, शुद्धीवर, आत कुणी नाही हे माहीत असताना ऐकायचा होता. ऐकून त्याला जा म्हणायचं होतं.

म्हणून मी मनाशी ठरवलं होतं. वर्षश्राद्धाला केया शॉमबर्गहून विमानाने येणार. तिला बाबांनी गियरची गाडी शिकवलीय. तिने कोपऱ्यापर्यंत जायचं आणि वळून घरी यायचं, मी स्वयंपाकघरात उभी राहीन. बास. मग काढा तो पाइप, लावा कन्व्हर्टर, हवा स्वच्छ ठेवा. माझी काही तक्रार नव्हती. केयाला फोनवर सांगितलं, ती म्हणाली, "ओके आई. आय विल डू इट राइट. सेकंड गियर, जस्ट लाइक बाबा."

दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? पन्नाशीच्या बाईने लोकांना सांगायचं की मला सायलेन्सरचा आवाज ऐकायचाय?

त्यात नूतनीकरणाची नोटीस आली. यतीन म्हणाला, "वहिनी, टेस्टला जाऊन येऊ, पास झाली तर झाली." मीही गेले, शेजारच्या सीटवर बसून. टेस्टच्या रांगेत आमची गाडी गुरगुरायला लागली तशी पुढचे मागचे लोक बघायला लागले. तिथली मुलगी, दंडावर निवडुंग गोंदवलेला, तिने खाली आरसा घालून बघितलं आणि मान हलवली. कन्व्हर्टर नाही, फेल. मग गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "ब्यूटिफुल वेल्ड्स. हू डिड दीज?"

"माय हजबंड," मी म्हटलं.

"टेल हिम इट्स अ शेम दे हॅव टु गो." मी मान डोलावली. आणखी काय करणार!

परत येताना यतीन म्हणाला, "मूळचे पार्ट आहेत ना घरी? महिनाअखेरीला प्लेट संपतेय. लावून टाकू या."

"केया येऊ दे, मग बघू," मी म्हटलं.

"तुम्ही कशाला त्रास करून घेता?"

"अरे, येऊ दे म्हटलं ना!" जरा तडकूनच बोलले. माझ्या तडकण्याचा त्याने काय अर्थ लावला ते मला आठवडाभराने कळलं.

केया शुक्रवारी येणार होती. गुरुवारी संध्याकाळी मी तिच्यासाठी मेथी निवडत होते. दारावरची बेल वाजली. दारात यतीन, हातात पेढ्यांचा बॉक्स, कपाळावर घाम, चेहरा नुसता फुललेला.

"कशाने आलास रे?" मी विचारलं, कारण गल्लीत काहीच ऐकू आलं नव्हतं.

"बघा तरी बाहेर!"

ड्राइव्हवेत निळी गाडी उभी होती. धुतलेली, चकचकीत. इंजिन चालू होतं. चालू होतं हे मला थरथरणाऱ्या आरशावरून कळलं.

"सरप्राइज, वहिनी! सकाळी तुम्ही ऑफिसला गेलात आणि मी घेऊन गेलो. शॉपवाल्याकडून सगळं स्टॉक, कंपनीचं होतं तसं, करून घेतलं. सायलेन्सर, कन्व्हर्टर, इंजिनचं सॉफ्टवेअरसुद्धा मूळचं. एका झटक्यात पास! प्लेटचं कामही उरकलं."

"आणि पाइप?" मी विचारलं.

"तो? तो भंगारात दिला त्यांनी. क्रश करतात ते. कुणी परत बसवायला नको म्हणून." मग तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी मी गाडी घेऊन आलो तेव्हा तुमचा चेहरा बघितला होता मी. लाटणं होतं तुमच्या हातात. वर्षभर माझ्या डोळ्यासमोरून जात नाहीये. त्या दिवशी टेस्टहून येताना तुम्ही चिडलात, तेव्हाच ठरवलं, हा आवाज परत तुमच्या कानावर पडू द्यायचा नाही."

माझा राग सगळ्या मंडळाला माहीत आहे. गणपतीत साउंडवाल्याला मी रडवलंय. त्या क्षणी माझ्या आत इतकं काही उसळलं की मला वाटलं, आता हा पेढ्यांचा बॉक्स मी त्याच्या तोंडावर फेकणार. कुणी विचारलं होतं तुला? कुणी सांगितलं होतं? पण त्याच्या बोटांना ग्रीस लागलं होतं. नखांत गेलेलं, सहज न निघणारं. तो शॉपवाल्याबरोबर स्वतः गाडीखाली गेला असणार. सुटी टाकून. आणि वर्षभर माझा चेहरा उरात घेऊन फिरला होता.

"चांगलं केलंस," मी म्हटलं. "हात धू. पोळ्या करते, जेवून जा."

तो जेवला. तीन पोळ्या खाल्ल्या, चौथी आग्रहाने वाढली. जाताना वाकून नमस्कार केला. दार लावलं आणि मी तिथेच पायपुसण्यावर बसून ओरडून ओरडून रडले. नवरा गेला तेव्हा इतक्या मोठ्याने रडले नव्हते. तेव्हा घरात माणसं होती.

केयाला एअरपोर्टवरून येतानाच सांगितलं. माझी गाडी तीच चालवत होती, तिने ती बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "बट व्हाय डिडन्ट यू टेल हिम, आई?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती म्हणाली, "वुई कॅन ऑर्डर अनदर पाइप." मी म्हटलं, "मिळेल गं. पण तो कुणाच्या तरी बायकोला बरा वाटलेला असेल."

शनिवारी श्राद्ध झालं, गुरुजी गेले. दिवस कलल्यावर केयाने खुंटीवरची किल्ली घेतली. "तरी पण जाऊन येते," ती म्हणाली. "फॉर बाबा."

मी स्वयंपाकघरात गेले. कणीक ओल्या फडक्याखाली झाकलेली होती. फ्रिज घुमत होता. समोरचं कुत्रं गप्प होतं. लिंडाबाईंची खिडकी उघडी होती, त्यांच्या टीव्हीवर कुणीतरी हसत होतं. मी कान देऊन उभी राहिले. एखादा धागा तरी येईल, गियर बदलल्याची एखादी खूण तरी, असं वाटत होतं. इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात काही ऐकलं नसेल.

"आई."

मी दचकून वळले. केया दारात उभी होती. बूट काढलेले, हातसुद्धा धुतलेले. केव्हाची आली होती कोण जाणे. तिच्याकडे बघितल्यावर, बाप्पा, मला कळलं. वर्षभर लोक सांगत होते की संग्राम गेला, मीही सगळ्यांना तेच सांगत होते. पण तवा गार होता, कणीक झाकलेली होती, आणि घरी कुणीतरी आलं तरी मला कळलं नव्हतं.

"ऐकू आली?" केयाने विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं. "बस. तवा ठेवते आता."