अठराशेच्या खाली नाही

यशोदा परब यांनी आयुष्यात घासाघीस न करता फक्त पोस्टाची तिकिटं घेतली होती, आणि त्याचीही त्यांना चुटपुट होती. त्यांची मुलगी अनुजा हिमालयात ट्रेकला निघाली होती. तिला एका ठरावीक कंपनीचा घडीचा चाकू हवा होता.

"मी आणते," यशोदाबाई म्हणाल्या. "तू गेलीस तर सांगतील ती किंमत देऊन येशील."

माझगावहून त्या लालबागला हितेंद्रच्या दुकानात गेल्या. अरुंद दुकान, भिंतभर चाकू, कात्र्या, अडकित्ते.

"अठराशे," हितेंद्र म्हणाला.

"बाराशे."

"मावशी, कमी नाही होणार. छापील किंमत बावीसशे आहे, पण अठराशेच्या खाली कुणीच विकायचा नाही असा कंपनीचा नियम आहे. विकला तर माल बंद."

यशोदाबाई उठल्या. मागून हाक येईल म्हणून पायरीवर थांबून चपलेचा पट्टा नीट केला. मग दुसऱ्या चपलेचा केला. हाक आली नाही.

दादरला अठराशे. गिरगावातल्या दुकानदाराने पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि अठराशे सांगितले. संध्याकाळी त्या पुन्हा लालबागला हजर झाल्या.

"काय रे, सगळ्यांनी मिळून ठरवलंत?"

"आम्ही नाही, कंपनीने. पूर्वी फोनवर हाच चाकू चौदाशेला मिळायचा. मला खरेदीच त्याहून महाग पडायची. लोक इथे येऊन सगळे चाकू उघडून बघायचे, हातात कुठला बसतो ते मला विचारायचे आणि माझ्याच पायरीवरून फोनवर मागवायचे. नियम आला म्हणून दुकान टिकलं."

"तुझं दुकान टिकलं, माझे चारशे गेले."

"ते खरंय," हितेंद्र म्हणाला.

यशोदाबाईंनी पर्स उघडली आणि मिटली. परत उघडली. "माझा हातच निघत नाही रे," त्या अगदी काकुळतीने म्हणाल्या. मग त्यांचे डोळे चमकले. "एक काम कर. तू बावीसशे सांग."

हितेंद्रला समजायला जरा वेळ लागला. "बावीसशे," तो म्हणाला.

"तेराशे."

"अठराशे."

"इतक्या पटकन? जरा रड. पोरांची फी सांग."

"माझं लग्न नाही झालेलं, मावशी."

"मग दुकानाचं भाडं सांग."

हितेंद्रने भाडं सांगितलं, लाईटबिल सांगितलं आणि मोठ्या दुःखाने एकवीसशेवर आला. नेलकटर घ्यायला आलेला दीपक नावाचा माणूस काउंटरवर कोपर टेकून उभा होता. त्याला आधीचं काहीच माहीत नव्हतं. "अहो, सोडा की काकूंना शंभर," तो म्हणाला. हितेंद्रने दोन हजार केले. यशोदाबाई चौदाशेवरून हलेनात. दारात आणखी चार माणसं जमली.

तेवढ्यात कंपनीचा माणूस जगदीश बॅग घेऊन आत शिरला.

"साडेअठराशे. शेवटचं," हितेंद्र सांगत होता.

"आणखी कमी कर, नाहीतर ही मी चालले."

जगदीशचा चेहरा उतरला. "शेठ, आता खाली येऊ नका."

"तुम्ही कोण मध्ये बोलणारे?" यशोदाबाई गरजल्या.

हितेंद्रने जगदीशकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "घ्या, अठराशे. उद्यापासून वडापाव विकतो."

दारातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. यशोदाबाईंनी ताठ मानेने पैसे मोजून दिले. दीपक नेलकटर विसरला. "मलाही याच भावात द्या."

"छे, तो भाव मावशींचा. तुम्हाला बावीसशे."

दीपक इरेला पेटला. यशोदाबाई त्याच्या कानात आकडे सांगत होत्या. शेवटी तोही अठराशेवर जिंकला. आता सगळा प्रकार जगदीशच्या ध्यानात आला होता आणि तो स्टुलावर बसून पोट धरून हसत होता.

"वर काय कळवू मी?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"किंमत पाळली म्हणून कळवा," हितेंद्र म्हणाला.

बसस्टॉपवर यशोदाबाईंना राहवेना. त्यांनी चाकू खोक्यातून काढला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला आणि आपल्याशीच खुदकन हसल्या. रांग हळूहळू मागे सरकली. बस आली तेव्हा एका धिप्पाड गृहस्थाने त्यांना अदबीने पुढे जायला सांगितलं. खिडकीची जागा मिळाली. माझगाव येईपर्यंत त्यांचं हसू काही थांबलं नाही.